हवेवरचा ट्रॅक्टर

बैलबाजारातला दलाल म्हटल्यावर तुम्ही आत्ताच मनात झुपकेदार मिशा काढल्या असतील. पुसून टाका. आमचे मामा दिसायला पोस्टातल्या कारकुनासारखे होते. अख्ख्या गल्लीचे मामा. माझे तर नुसते शेजारी. खोड एकच. कुठलीबी नवी वस्तू दिसली की आधी वाकून तिचे पाय बघायचे. फ्रीज आला, पाय बघितले. पुतणीला बघायला पाहुणे आले, नवरदेवाचेबी बघितले. मग म्हणायचे, "चालवून दाखवा."

देवणीच्या बाजारात बैल चालवून, गाडीला जुपून बघितल्याबिगर कुणी पैशाला हात लावत न्हाई. अन् ह्याच मामांनी शेवटची जोडी विकून आलेले पैसे एका कंपनीत घातले. कंपनी हवेवर चालणारा ट्रॅक्टर काढणार होती. जन्मात एकदाच न बघता घेतलं, तेच अंगाशी आलं.

दरवर्षी लातूरला हॉटेलात भागधारकांची सभा व्हायची. मी मोटारसायकलवर न्यायचो, म्हणून आतला चहा मलाबी. गुळगुळीत आवाजाचे एक साहेब पडद्यावर ट्रॅक्टर पळवायचे. "पुढच्या दिवाळीला तुमच्या शेतात!" लोक टाळ्या वाजवायचे. मामा उठायचे.

"साहेब, सिनेमात लई पळतंय. ढेकळात कवा?"

साहेब हसायचे अन् दिवाळी आणखी एक वर्ष पुढं जायची. परतताना मी साहेबांची नक्कल करायचो. मामा मागं बसून इतके हसायचे की गाडी डुलायची. आता मामा न्हाईत. त्या रस्त्याला गाडी लई हलकी लागती.

शेवटच्या वर्षी कंपनीनं आणखी पैसे मागितले. ज्याला आणखी द्यायचे न्हाईत, त्यानं सोमवारी पाचच्या आत लातूरला कागद द्यायचा, आधीचे पैसे परत. मामांनी सही करून कागद खिशात ठेवला. "सुटलो बाबा," म्हणले.

रविवारी मला गंमत सुचली. दोस्ताच्या मोबाईलवरून मामांना फोन लावला, साहेबांच्या आवाजात. "नमस्कार! पहिला ट्रॅक्टर उद्या तुमच्याच शेतात उतरवतोय."

वाटलं, शिव्या घालतील. पण पलीकडून मामांचा बारीक आवाज आला, "रस्ता अरुंद हाय साहेब. बाभळी छाटून ठेवतो."

मला वाटलं, मामांनी ओळखलं अन् माझीच फिरकी घ्यायलेत.

सोमवारी दिवस कलताना शेताकडं गेलो तर मामा बांधावर बसलेले. अंगात लग्नातला सदरा. बाभळी छाटलेल्या, वाट झाडलेली. तूर फुलावर आलेली, ऊनबी तिच्याच रंगाचं.

"हवेवरचा हाय," ते हळूच म्हणले, "आवाज येणार न्हाई. म्हणून सकाळपासून पापणी पाडली न्हाई."

तुरीतून वारं गेलं. आम्ही दोघांनीबी तिकडं बघितलं. घटकाभर मलाबी वाटलं, काहीतरी यायलंय.

मग मी खरं सांगितलं. पाच कवाच वाजून गेले होते.

मामांनी लातूरला द्यायचा कागद खिशातून काढून बघितला अन् परत घडी घातली.

"गाढवा, बैल विकताना मीबी खोटं बोललो असेन. पण गिऱ्हाइकाच्या हातात बैलाचं दावं तरी द्यायचो. तू काय दिलंस?" ते उठले, सदरा झटकला. "चल घरी. तुझी मामी सकाळपासून नारळ-कुंकवाचं ताट घेऊन दारात बसलीय. ट्रॅक्टर येणार न्हाई म्हणून तिला तूच सांग. अन् तुझ्या आवाजात सांग."