पाथर्डीचं पाणी आणि प्रवरेची सांगड

माझे वडील पाण्याला भीत नव्हते. भीती वाटायला आधी ओळख तरी असावी लागते. पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला आमचं गाव. तिथे गुडघ्याच्या वर पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत माणूस उतरायचा तो गाळ काढायला. अण्णा आंघोळसुद्धा परातीत उभे राहून करायचे आणि परातीतलं पाणी मग शेवग्याला जायचं. अशा माणसाने पन्नाशी गाठल्यावर फेटा-धोतरासकट भर प्रवरेत उभ्याने तरंगायला शिकावं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा हसायची सोय नव्हती. ते हसू मी आता भरून काढते.

माझं सासर नेवाशाजवळ, अगदी प्रवरेच्या काठावर. घर अलीकडे आणि रान पलीकडे. नदी भरली की रानात जायचं ते सांगडीवरून. मोठाले वाळके भोपळे एकमेकांना बांधायचे, वर बांबूची चौकट आवळायची, झाली सांगड. तिच्यावर छातीने पालथं पडायचं आणि हातपाय मारत पलीकडे जायचं. आमच्या कोरड्या मुलखात माणूस रानात जाताना भोपळ्यात पाणी भरून खांद्याला लावतो. इथे माणसं भोपळे पाण्यात टाकून त्यांच्यावर पडत होती. सासरी आले तेव्हा वाटलं, आपलं लग्न उलट्या जगात लागलंय. पण सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्याच पावसाळ्यात मला सांगडीवर घातलं आणि मला नदी आवडायला लागली. पदर खोचून, डोक्यावर भाकरीचं गाठोडं बांधून मी पलीकडे जायची तेव्हा माहेरच्या कोणीतरी बघावं असं फार वाटायचं.

माहेरचे अण्णा यायचे, आणि तिथेच माझं दुखणं होतं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अण्णा रितीला पक्के. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. अण्णा यायचे ते खांद्याला पाण्याने भरलेला भोपळा आणि धडप्यात दशम्या बांधून. ओट्यावर बसायचे, लसणाच्या चटणीशी दशमी खायचे, भोपळ्याचं बूच काढून स्वतःचं पाणी प्यायचे. रात्री मारुतीच्या देवळात झोपायचे. समोरून बायका घाटावर जायच्या. कोणी काही विचारायची गरजच नसायची. भोपळा दिसला की गावाला कळायचं, हिला अजून काही नाही. मला अण्णांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी तव्यावर भाकरी टाकायला हात शिवशिवायचे. एकदा, फक्त एकदा त्यांनी माझ्या हातचं जेवावं, एवढंच मला हवं होतं.

आत्याबाईंनाही ते लागायचं. "पाव्हणं, आमच्या पान्यात किडं हायेत व्हय?" असं त्या एकदा विचारूनही बसल्या होत्या.

"पान्याला नाव न्हाई ठेवत, विहीणबाई. रीत हाय," अण्णा म्हणाले होते.

"असंल बया," म्हणून आत्याबाई आत गेल्या. असंल बया म्हणाल्या की त्या गोष्ट विसरत नसत.

मधे पडलेला दुष्काळ सरला त्या वर्षी नदी पुन्हा दोन्ही थड्या धरून वाहिली. आश्विनात अण्णा आले ते माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरल्याची खबर घेऊन. जावयाला आमंत्रण द्यायचं होतं. ते निरोपाने चालत नाही. कपाळाला कुंकू लावून, हातात अक्षता-सुपारी ठेवून, "यायचं करा" म्हणावं लागतं. आणि जावई होते पलीकडे. बाजरी दाण्यात आली होती, पाखरं उठू देत नव्हती, त्यामुळे आमच्या ह्यांचा मुक्काम गोफण घेऊन रानातल्या माळ्यावर. मी म्हटलं, हाक मारते, ते येतील घटकाभर.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "जावयानं आमंत्रन घ्यायला सासऱ्याकडं यायचं? ही कुटली रीत?"

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण अण्णांसमोर रीत म्हटली की बैलासमोर पेंड. ते लगेच म्हणाले, "खरं हाय विहीणबाई. मीच जातो. कुटून जायाचं?"

आत्याबाईंनी नदीकडे बोट केलं.

संध्याकाळी अण्णांची शिकवणी सुरू झाली, घाटाच्या खालच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात. पहिली अडचण तिथेच उभी राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "पाव्हणं, पालथं पडा."

"विहिणीम्होरं पालथं पडू?" अण्णांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कोणी धोतर फेडायला सांगितलंय. व्याही-विहिणीचं नातं तसं अवघडच. तिच्यासमोर साधं मांडी मोडून बसायची पंचाईत, तिथे हातपाय पसरून पालथं पडायचं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची अब्रू गेली. मी म्हटलं, अण्णा, मीही तशीच जाते. ते म्हणाले, तू पोर हायेस. मग त्यांनी सांगड नीट न्याहाळली, दाबून पाहिली आणि जाहीर केलं, "मी उबा राहतो. उभी हयात फळीवर उबा राहून ढेकळं फोडली. त्यात काय हाय?"

ढेकळं फोडायची फळी बैलांमागे मातीवरून सरकते, हे खरं. अण्णा तिच्यावर तोल सांभाळण्यात गावात पटाईत, हेही खरं. पण माती पायाखालून पळत नाही. अण्णा चढले आणि सांगड पुढे गेली, अण्णा मागे राहिले. पुन्हा चढले, डावीकडे गेले. आत्याबाईंनी एवढं केलं की मर्यादा म्हणून नदीकडे पाठ करून त्या घाटाच्या पायरीवर बसल्या आणि नुसत्या आवाजावरून शिकवू लागल्या.

"धप्प" झालं की म्हणायच्या, "टाचंवर भार देताय."

"छपाक" झालं की, "गुडघं वाकवा, पाव्हणं. गुडघं वाकवले तर कुनी नमस्कार केला म्हननार न्हाई."

अण्णा दरवेळी वर येऊन आधी फेटा चाचपायचे, मग भोपळा. भोपळा खांद्यावरच होता. तो काठावर ठेवा म्हटलं तर म्हणाले, "कुत्र्यानं तोंड घातलं म्हंजी? पानी हाय त्यात." समोर नदी वाहत होती, पण ते पाणी अण्णांच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

अंधार पडेपर्यंत ते चक्क उभे राहायला लागले. गुडघे वाकवून, हात पसरून, डोळे समोर रोखून. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ते पडले. पण पडण्यातही आता सराव दिसत होता.

सकाळी त्यांनी नवीन मुद्दा काढला. "फळीम्होरं बैल असतो. हिच्याम्होरं काय हाय? वल्हवायला वाकलं तर तोल जातो. मला कासरा पायजे."

आमची म्हैस रोज सकाळी आपली आपण पोहत पलीकडे चरायला जायची. अण्णांनी तिला पाहिलं. मी नको नको म्हणत होते. आत्याबाईंनी उलट गोठ्यातून चांगला लांब कासरा आणून दिला. अण्णांनी एक टोक म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलं, दुसरं हातात घेतलं, सुपारी कनवटीला, कुंकवाची पुडी फेट्यात, भोपळा खांद्याला, दशम्यांचं धडपं कमरेला. "हा, हा, चल ग बये," म्हणाले आणि म्हैस पाण्यात शिरली.

काय सांगू, ते गेले! सांगड भोपळ्यांवर हलकी उठली आणि पाणी कापत निघाली. अण्णा वर ताठ उभे, गुडघे तेवढे वाकलेले, एका हातात कासरा, दुसरा हात फेट्यावर. घाटावरच्या बायकांचं धुणं थांबलं. एकजण म्हणाली, "अगं बया, हा कोन देव निगाला?" पलीकडे हे माळ्यावरून खाली उतरले आणि गोफण हातात तशीच धरून बघत राहिले. अण्णांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दुष्काळाने त्यांच्या तोंडावरचं होतं नव्हतं ते पुसून नेलं होतं.

आणि भर मधोमध म्हशीला तिचा बांध आठवला. तिथे पाण्याखाली एक उंचवटा होता, ती रोज त्याच्यावर बसून डुंबायची. आजही बसली. कासरा सैल पडला आणि सांगड सरकत तिच्या पाठीला लागली. अण्णांनी "हा, हा" केलं. म्हशीने कान हलवले. मग अण्णांनी तेच केलं जे फळी अडल्यावर कोणीही शेतकरी करतो. त्यांनी म्हशीला मारायला पाय उचलला.

ते दिसेनासे झाले. वर आले ते तोंड उघडं ठेवूनच आणि पुन्हा खाली गेले. मी किंचाळले. ह्यांनी पलीकडून उडी टाकली. आत्याबाई कासोटा कसून केव्हा पाण्यात गेल्या ते मला कळलंच नाही. अण्णांच्या हाताला एव्हाना सांगडीची चौकट लागली होती, पण ती त्यांच्या भाराने कलंडत होती आणि ते अजून गटागटा पाणी पीत होते.

"भोपळा रिता करा!" आत्याबाई ओरडल्या. "पानी सांडा, बूच लावा आन् छातीखाली धरा! तरंगाल!"

"पानी सांडू?" अण्णा ओरडले. जीव जात होता, तरी आवाजात धक्का होता. "पाथर्डीपासून आनलंय!"

"सांडा म्हनते ना!"

"हात लावू नका, विहीणबाई!"

"लावते कशाला? सांडा!"

मला काठावरून सगळं दिसत होतं. अण्णांनी एका हाताने चौकट धरली, दातांनी बूच उपटलं आणि भोपळा चौकटीवर पालथा केला. माझ्या माहेरचं पाणी भळभळ प्रवरेत गेलं. त्यांनी बूच बसवलं, रिता भोपळा छातीखाली घेतला, आणि तरंगले. मी मटकन पायरीवर बसले. मला रडू आवरत नव्हतं.

हे त्यांना पलीकडे घेऊन गेले. तिथे निथळत उभे राहून अण्णांनी आधी आमंत्रण दिलं. कुंकवाचा रबडा झाला होता, त्यामुळे जावयाचं कपाळ नाकापर्यंत लाल झालं. सुपारी कनवटीला शाबूत होती. परत येताना मात्र अण्णा सांगडीवर पालथे पडूनच आले. त्यांची त्या बाबतीतली हरकत मिटली होती.

ओट्यावर ते घोंगडी पांघरून बसले. दशम्यांचं धडपं उघडलं तर आत पिठलं झालेलं. भोपळा रिकामा. मी दारात उभी होते. आत चुलीपाशी परातीत पीठ मी केव्हाच मळून ठेवलं होतं.

आत्याबाई ओले केस पिळत म्हणाल्या, "पाव्हणं, आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका. भूक लागलीया तुमास्नी."

"रीत हाय, विहीणबाई."

"रीत पान्याची बी हाय ना? मंग आत्ता काय पिलात?"

"ती नदी हाय. नदी काय तुमच्या घरची न्हाई."

"आमचा रांजन कुटून भरतो? ह्याच घाटावरनं. आन् भरतं कोन? तुमची लेक. तीन वर्सं भरतीया. तुमी अर्धा रांजन तर आत्ता हुबं राहून संपवलात."

अण्णा विचारात पडले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि पोटात प्रवरा डुचमळत होती, ते नाकारताही येईना. त्यांनी रिकामा भोपळा उलटा करून हलवून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी, मोडलं ते मोडलं. वाढ."

मी गरम भाकरी, वांग्याचं कालवण आणि कांदा वाढला. घाईत कालवण थोडं ताटाबाहेर गेलं. अण्णांनी पहिला घास घेतला. तीन वर्षं मी ज्या घासाची वाट पाहिली तो घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." मी मीठ आणायला म्हणून आत गेले आणि पदरात तोंड खुपसून पोटभर रडले. आत्याबाईंनी मागून येऊन मिठाची वाटी माझ्या हातात दिली. म्हैस कुठे बसते हे तुम्हाला ठाऊक होतं ना, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मीठ ने आदी."

मला मूल झालं ते पुढे पुष्कळ उशिरा, आणि त्याला या गोष्टीत जागा नाही.

लग्न पार पडल्यावर, संक्रांतीच्या सुमाराला अण्णा पुन्हा आले. लांबून त्यांच्या खांद्याला भोपळा दिसला आणि माझ्या हातातली कळशी जड झाली. म्हटलं, रीत पुन्हा जोडून आणली वाटतं. अण्णा ओट्यावर बसले, भोपळा खाली ठेवला. तो पोकळ वाजला.

"रिकामा का आणला?" मी विचारलं.

अण्णा फेटा काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "तुजी आई रोज इचारती, लेकीच्या हातची भाकर कशी लागती. मी सांगतो, मीठ कमी असतं. तर म्हनती, मला बी पानी पाज, मंग मी बी जाते. आता तिला काय या वयात म्हशीमागं हुबी करू? भर हा. तिकडं नेऊन पाजतो, म्हंजी तिचं बी मोडंल."

मी भोपळा उचलला. घाटाकडे जायला निघाले आणि उंबऱ्यातच थांबले. मग आत वळले आणि आमच्या घरातल्या रांजणातलंच पाणी भरलं. अण्णा ओट्यावरून बघत होते.  त्यांनी भोपळा हातात घेतला आणि एक थेंबही वाटेत सांडू नये म्हणून बूच दोनदा दाबून बसवलं.