ओल्या पोत्यातली सायकल

सायकलच्या टायरला पाणी घालायचं नसतं, हे मला आता माहीत आहे.

तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा बरंच काही माहीत नव्हतं, कारण शाळा सातवीतच सुटली होती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी मालवणाकडून पोटासाठी थेट गोंदियाला, राइस मिलमध्ये पोती शिवायला येऊन पडलो होतो. तिथले मुकादम तुळशीरामकाकाजी पहिल्याच संध्याकाळी मला घरी घेऊन गेले. काकीनं कोण, कुठला काही न विचारता ताट वाढलं, ते पुढं रोजच वाढत राहिली. त्या उपकारानं मी इतका दबलो होतो की त्या घरात शिंक आली तरी आधी परवानगी मागावीशी वाटे!

अशात मिलमधल्या पोरांनी ठरवलं, सायकलींनी दरेकशाला जायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही. पहाटे निघायचं आणि दिवस मावळायच्या आत दरेकसा स्टेशन गाठायचं, बस्स. रस्ता म्हणजे नुसती गिट्टी, टोकदार खडी. (त्या रस्त्यानं बैलगाडी गेली तर गाडीवान गप्प आणि बैल शिव्या देत!)

"आमचा कोकन्या जाते," काकाजींनी मला न विचारता जाहीर केलं.

"पडन ना जी तो!" काकी म्हणाली.

"पडन तं उठन! शाळा अर्धी सोडली, हे नाही सोडनार. का बे?"

बोचलं. पण खरं होतं. शाळा सुटल्यापासून एकही गोष्ट मी शेवटाला नेली नव्हती. (पोत्याची शेवटची गाठसुद्धा शेजारचा मारून देई.) ठरवलं, मरायचं तर दरेकशाला पोचून मरायचं!

सायकल काकाजींची. तिच्या ट्यूबना इतकी ठिगळं होती की ठिगळांनाच अधूनमधून ट्यूब लावल्यासारखी वाटे. तालीम म्हणून मिलमागच्या गिट्टीवरून फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या फेरीत दोन्ही चाकं बसली. त्यानंतर माझं बसणं बंद झालं.

"उभ्यानं काऊन जेवून राहिला रे बापू?"

"असंच बरंय, काकी."

काकाजी उठले. "ट्यूबच काढ! तनस भर!"

तनस म्हणजे धानाचा पेंढा. टायरात ठासून भरला की हवा नको आणि पंक्चरही नको! आम्ही दोघांनी काठीनं ठासठासून भरला. पण दोन फेऱ्यांत कोरड्या पेंढ्याचा भुगा होऊन फटींतून गळायला लागला.

"भिजव त्याले, नरम राहीन," काकी म्हणाली.

"ओल्या पोत्यात गुंडाळ," काकाजी म्हणाले.

"चुलीजवळ ठेव, ऊब लागली का दबून बसन," पुन्हा काकी.

झालं! दोन्ही चाकं सोडवून पोत्यात बांधली आणि चुलीशेजारी उभी केली. आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी शिंपडलं. इतकं मन लावून की देवाच्या तुळशीलाही कधी तसं घातलं नव्हतं. तालीम बुडू नये म्हणून मिलच्या रिकाम्या बैलगाडीत बसून गिट्टीवरून हिंडत होतो.

"कुठी जाऊन राहिला बे?" गाडीवानानं विचारलं.

"कुठंच नाही. बूड तयार करतोय."



निघायची पहाट झाली. काकाजींनी पोती सोडली. टायर आणि रिमच्या फटीतून, गोल गोल, बोटबोट उंचीचे हिरवेगार कोंब उभे होते!

पेंढा नीट झोडलेला नव्हता. लोंब्यांत दाणे राहिले होते. आणि धानाला मोड आणायची रीत काय? भिजवायचं, ओल्या पोत्यात बांधायचं, उबेला ठेवायचं! काकाजींच्या सात पिढ्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. मीही भातखाऊ कोकणातला. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही!

काकी वाकून पाहत म्हणाली, "पऱ्हे तं मस्त आले जी." (धानाच्या रोपांना तिकडं पऱ्हे म्हणतात.)

"बियानं कोनाचं आहे!" काकाजींची छाती फुगली.

"काकाजी, मला जायचंय!" मी रडकुंडीला आलो.

"तं जा ना! आपन का रोवनी करून राहिलो?"

त्यांनी विळ्यानं चाकांची हजामत केली, चाकं चढवली आणि मला ढकलून दिलं. ते दोघं दुपारच्या गाडीनं दरेकशाला येणार होते. हार घेऊन!

खोटं कशाला सांगू, पेंढा गिट्टीवर गादीसारखा चालला. नुसता वास यायचा. पोरं माझ्यापुढं राहायला धडपडत होती, ती वेगासाठी नव्हे. पण वाटेतल्या सालेकसा गावाच्या पुढं मी विहिरीवर पाणी प्यायला थांबलो आणि मागं वळून बघतो तर सायकलीभोवती बकऱ्या! एकीनं उरलासुरला कोंब दातांत धरून ओढला, त्यामागून पेंढा आला, मग दुसरी, तिसरी...

"हाड! हाड! माझं दरेकसा!" मी ओरडलो.

बकऱ्या राखणारी म्हातारी म्हणाली, "वैरन रस्त्यात काऊन ठेवली मग?"

मागचं चाक रिकामं झालं. रिकामा टायर गळ्यात घातला आणि सायकल ढकलत निघालो. चढावर ती खांद्यावर घेतली. तळव्यांना फोड आले, पोरं कधीच दिसेनाशी झाली, सूर्य डोंगरावर टेकला. पण काकाजींचं "हे नाही सोडनार" मागून दगड मारत होतं. स्टेशनात पाऊल टाकलं तेव्हा उन्हाची एक तिरीप अजून शिल्लक होती.

काकाजी हार घेऊन पुढं आले नि थबकले. "हार तं घालूनच आला बे!"

"टायरातलं तनस कुठी गेलं?" काकीनं विचारलं.

"बकऱ्यांनी खाल्लं."

काकीनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, माझी दया आली. ती म्हणाली, "एवढे साजरे पऱ्हे!"

असो. माझ्या नावावर जमीन कधीच झाली नाही. आयुष्यात एकदाच पीक घेतलं, तेही दोन चाकांएवढ्या वावरात. आणि त्याचीही राखण मला करता आली नाही!