गाठींची दोरी आणि दोन विहिरी

एकोणीसशे एकसष्ट साल. मी तेहतीस वर्षांचा. शिक्षण म्हणाल तर निजामाच्या राज्यात उर्दूच्या दोन यत्ता, त्यातली दुसरी अर्धीच. मराठी अक्षरं पुढं माझ्याच पोरांच्या पाटीवर बघून शिकलो. तेव्हा लिहिण्यात चूक निघंल, सांगण्यात निघायची नाही.

येरमाळ्याहून दोन कोसावर आमचं गाव. त्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि तिसऱ्या दिवशी एस.टी.तून बारा पोरं उतरली. हायस्कुलातली, मिसरूड फुटायच्या बेतातली. कोण कळंबचं, कोण तुळजापूरचं, दोघं उमरग्याकडची, आपसात कानडीत भांडणारी. संगं कॉलेजातले एक प्रोफेसर. ही मंडळी वीस दिवस आमच्या शाळेत राहून संशोधन शिकणार, असं सरपंचानं पारावर सांगितलं. संशोधन म्हंजे काय, ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

"कायतरी शोधत्यात," तो म्हणाला.

"आपलं काय हरवलंय?" मी विचारलं.

हरवलं काही नव्हतं. ते पाणी मोजायला आले होते. गावात विहिरी एकोणीस. कुठलीत पाणी किती, कधी चढतं, कधी उतरतं, दिवसातनं तीनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. दिवस उगवायच्या आत पोरं वह्या काखेत मारून बांधानं पळताना दिसायची. दुपारी भाकरी आणि पिठलं चापून शाळेच्या फरशीवर ओळीनं लोळायची. चार वाजता माझ्या विहिरीवर अंघोळीला यायची. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात एका वेळी चार-चार जण बसून असा गोंधळ घालायची की माझी बैलं बुजायची. मी ओरडायचो. पण एखाद्या दिवशी यायला उशीर झाला, तर मीच शाळेकडं बघत उभा राहायचो.

आता माझ्या विहिरीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येतं.

आम्ही दोघं भाऊ. वाटणीत वडलांची जुनी विहीर थोरल्याकडं गेली, खालचं उताराचं रान माझ्याकडं आलं. तिथं मी दोन उन्हाळे खपून विहीर काढली. सहा परस खोल, म्हंजे हात वर केलेली सहा माणसं एकावर एक. सुरुंगाचा गडी सोडला तर सगळा दगड मी आणि बायकोनं उपसला. पाणी लागलं ते काचेसारखं. पुढच्याच साली थोरला म्हणाला, "माझं पाणी खाली वढलंस तू." मी म्हणालो, "माझा झरा येगळा हाय. तुमच्या विहिरीत पाणी हाय, मोट वढायचा दम न्हाय." थोरल्या भावाला असं बोललो. चार साल आमचं बोलणं बंद. माझ्या धाकटीच्या बारशाला आई आली, तो आला नाही.

दोन्ही विहिरींवर मोजायला कळंबचा एक पोरगा नेमला होता. त्याच्या अब्बाचं शिलाईचं दुकान. मोजायची दोरी त्यानं स्वतः बांधलेली, हाता-हातावर गाठ, पाचव्या गाठीला लाल कापडाची चिंधी. गाठी अशा एकसारख्या की बघत राहावं.

"मामा, मोजू का?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

"मोज. पर खिशात भरून नेऊ नगं."

हसला. त्याच दिवशी प्रोफेसर आले. त्यांची एक रीत होती. मोजायच्या आधी ज्यानं त्यानं आपला अंदाज लिहायचा, शाईनं. मागनं खोडायचा नाही, मग खरा निघो की खोटा. मला ती रीत लई आवडली. मी म्हणालो, माझा अंदाज बी लिहा. पोरानं लिहिलं: झरा वेगळा. खाली मी उर्दूत सही ठोकली. एवढी सही मला सरळ येते. वर पाच-सहा माणसांच्या देखत बोललो, "खोटं निघालं, तर गावापुढं उभा राहून तसं म्हणंन."

प्रोफेसर म्हणाले, "मग तीन दिवस सांगतो तसं कराल? पहिल्या दिवशी दोन्ही मोटा बंद. दुसऱ्या दिवशी फक्त तुमची. तिसऱ्या दिवशी फक्त वरची."

मे महिन्यात वांगी आणि गुरांचं कडवळ दोन दिवस तहानलेलं ठेवायचं. तरी मी कबूल झालो, कारण माझी खात्री होती. पोरगा वर थोरल्याकडं गेला आणि पळत परत आला.

"ते म्हणतात, त्यो थांबत असंल तर म्या बी थांबतो."

"त्यो म्हणाले का माझं नाव घेतलं?"

"त्यो."

तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सांजच्याला पोरगा काठावर येऊन बसला, वही मांडीखाली धरून.

"तोंड का उतरलंय रे?"

"मामा, तुमची मोट चालली त्या दिवशी वरचं पाणी सव्वा हात उतरलं. त्यांची चालली तेव्हा तुमचं चारच बोटं."

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणालो, "दोरी भिजून आखडली असंल. सुक्या दोरीचं माप वेगळं, ओल्या दोरीचं वेगळं. पुन्हा मोज." वाटलं, आता प्रोफेसर हसतील. ते हसले नाहीत. दोरी भिजवून हातावर धरून बघितली, खरंच दोन बोटं आखडली. "मालकांचं बरोबर आहे," पोरांना म्हणाले. "हे आपल्याला सुचायला हवं होतं." मग सगळ्या विहिरींची मापं ओल्या दोरीनं नव्यानं घेतली. बाराही पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

आमचे तीन दिवसही पुन्हा झाले. सव्वा हाताच्या जागी पुन्हा सव्वा हातच आला.

शेवटच्या दिवशी पोरांनी आपलं काम गावाला वाचून दाखवायचं होतं. दुपारीच कळंबचा पोरगा माझ्याकडं आला. म्हणाला, "मामा, नाव कुणाचं घ्यायचं नसतं. विहीर सात, विहीर आठ असंच वाचतो."

"आन अंदाज?"

"तो वाचावा लागतो. गाळला तर चालंल का, सरांना विचारतो."

"विचारू नगं. शाईनं लिहिलाय."

पाच वाजता शाळेपुढल्या लिंबाखाली गाव जमलं. थोरला पलीकडच्या अंगाला बसला होता, पटका मांडीवर काढून. पोरं एकेक उभी राहून वाचत होती. उमरग्याचा एक घाबरून मध्येच कानडीत शिरला, तेव्हा सगळे हसले. मग माझा पोरगा उभा राहिला. माझा म्हणतो, कारण तोवर तसंच झालं होतं. "विहीर सातच्या मालकाचा अंदाज: झरा वेगळा," त्यानं वाचलं. "मापं दोन वेळा घेतली. विहीर सातवर मोट चालली की विहीर आठचं पाणी सव्वा हात उतरतं."

मागनं कुणीतरी म्हणालं, "ह्यो सातचा मालक कोण म्हणायचा?"

हसण्याची एक लाट आली. मी उभा राहिलो.

"म्या. माझा अंदाज चुकला."

एवढंच बोललो. वाटलं होतं थोरला काहीतरी म्हणंल, टोमणा तरी मारंल. त्यानं पटका डोक्याला गुंडाळला, धोतर झटकलं आणि घराकडं चालता झाला.

पोरगा जवळ आला. दोरी नीट गुंडाळून त्यानं माझ्या हातावर ठेवली. "आता तुम्ही मोजत जा, मामा." सकाळच्या पहिल्या एस.टी.नं ती सगळी जाणार होती. फाट्यावर निरोप द्यायला येतो, असं मी कबूल केलं होतं.

मी गेलो नाही. बायको भाजलेल्या शेंगांचं गाठोडं घेऊन गेली. पोरांनी मामा कुठाय म्हणून विचारलं, असं तिनं मागनं सांगितलं. त्या बारांतला एकही मला पुन्हा दिसला नाही. कळंबला गेलो की शिलाईच्या दुकानांत डोकावायचो. कुठल्या दुकानातला, ते विचारून ठेवायचं राहिलं होतं.

त्या सकाळी मी बैलं दावणीलाच ठेवली आणि दोरी घेऊन थोरल्याच्या विहिरीवर गेलो. चार सालांत पहिल्यांदा. तो मोट जोडत होता. मी आधी दोरी थारोळ्यात बुडवून ओली केली, मग दगड बांधून खाली सोडली. तो बघत होता.

"किती हाय?" त्यानं विचारलं.

"एकोणीस गाठींवर पाणी."

"मग?"

"मग आज दुपारपतूर तुमी वढा. म्या माझी मोट मागनं धरतो." दोरी वर ओढून घेतली. "दादा, दम न्हाय म्हणलो होतो, त्ये..."

"आधी मोटंचा ह्यो नाडा धर," तो म्हणाला. "ढिला झालाय."

फाट्याकडनं एस.टी.चा भोंगा ऐकू आला. मी दोन्ही हातांनी नाडा धरला.