डाव्या खांद्यावर दोन पट्टे

मी सांगलीला निघालो त्या सकाळी आईनं माझ्या नव्या सदऱ्यावर काव लावली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कुंडलच्या एका बागाईतदारानं रानाला खत व्हावं म्हणून आमची मेंढरं आपल्या शेतात बसवली होती. तिथूनच मी शाळेला चाललो होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी उचलली, एवढ्यात आई करडईच्या तेलात कालवलेली लाल काव घेऊन आली. तिनं दोन बोटं बुडवून माझ्या डाव्या खांद्यावर दोन पट्टे ओढले. मेंढरांवर ओढायची तसेच.

"आगं, पोरगं साळंत चाललंय, बाजारात न्हाई," आबा म्हणाले.

"दुसऱ्याच्या कळपात चाललंय न्हवं? मग खूण नगं?"

आमच्यात ही रीतच होती. माणदेशातून कृष्णाकाठी उतरलेले कळप वाटेत एकमेकांत मिसळत. मेंढरू दुसऱ्याकडे राखायला द्यायचं झालं, तर आधी आपली खूण ठळक करत. 'कुणाचं?' असं विचारलं की धनगर नाव सांगत नसे, खूण सांगे. आमची खूण डाव्या खांद्यावर दोन पट्टे. मेंढरू विकलं, तर नवा धनी त्या खुणेवर आडवी रेघ मारून शेजारी आपली खूण काढी. माणदेशातल्या आमच्या वाडीत राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही. माझ्यासारखे बाहेर पडून शहरात रुजलेत, त्यांच्या मुलानातवंडांसाठी लिहितोय.

बोर्डिंगात सदरा किती धुतला, पण तेलातली काव हटली नाही. पोरं हसली. काही दिवसांनी मीही त्यांच्यात हसायला लागलो.

सांगलीच्या शाळेत पहिल्यांदा भेटलेला इंग्रजी शब्द म्हणजे मार्क. तिथं सगळी पळापळ मार्कांसाठी. कुणाला किती पडले यावर पंगतीतली जागासुद्धा ठरायची. मग मैदानावर ड्रिलचे मास्तर ओरडायचे, 'मार्क टाइम!' म्हणजे जागच्या जागी पाय आपटायचे. चालायचं, पण कुठंच जायचं नाही. आयुष्यभर चालत आलेल्या धनगराच्या पोराला हा प्रकार अगदीच खुळचट वाटला.

एकदा मी इंग्रजीच्या मास्तरांना विचारलं, की एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा? मास्तर तापट होते, पण शब्दाचं नाव काढलं की विरघळायचे. ते म्हणाले, मार्क म्हणजे मुळात शीव. तिकडच्या जुन्या लोकांत गावाच्या हद्दीला मार्क म्हणत. मग हद्दीवर रोवलेल्या दगडाला, मग दगडावरच्या खुणेला आणि शेवटी कुठल्याही खुणेला. चांदीवर छाप उठवायचे, म्हणून जर्मनांच्या नाण्याचं नावही मार्क, असं काहीजण मानतात. जर्मन म्हटल्यावर अख्खा वर्ग जागा झाला. माझं मन मात्र शिवेपाशीच थांबलं. आमचा जन्म शिवा ओलांडण्यात गेलेला, आणि प्रत्येक शिवेवर कुणीतरी विचारायला उभं असे, 'कुठली मेंढरं ही?'

मॅट्रिकला चांगले मार्क पडले. ते सांगायला मी कुंडलला गेलो, कारण त्या सुमारास आमचा कळप तिथं असायचाच. माळावर मेंढरं दिसली. लांबूनच दोन पट्टे ओळखले आणि धावत सुटलो. जवळ गेलो तर प्रत्येक खांद्यावर पट्ट्यांना छेदून गेलेली आडवी रेघ होती, आणि शेजारी दुसऱ्याच खुणेचा ठिपका.

मेंढरं विकली गेलीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मेंढरांमध्येच खाली बसलो. आबांचे सोबती बिरूआप्पा काठी टेकत आले.

"तुझा आबा गेला रं, गड्या. जतकडं व्हतो तवा तापानं गेला. एकल्या बाईनं कळप कसा हाकायचा? मला दिली मेंढरं आन् वाडीवर गेली ती."

मला कळवलं का नाही, हे मी विचारलं नाही. आमच्यात पत्र लिहिणारा मीच एकटा होतो.

दहिवडीच्या पुढं चालत वाडी गाठली. आई दारात लोकर पिंजत होती. मी पास झाल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली आणि माझ्या खांद्याकडे पाहिलं. सदरा नवा होता, त्यावर काही नव्हतं. मला पाहून आई रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

"समद्यांवर रेघ वढू दिली म्या," ती म्हणाली. "तुझ्यावर कुणाला वढू द्याची न्हाई."

पुढं मी पुण्यात मास्तर झालो. इंग्रजी शिकवलं, लाल पेन्सिलीनं हजारो पेपरांवर मार्क दिले. आईला पुण्याला आणलं, पण ती फार रमली नाही. शेवटी वाडीवर परतली आणि तिथंच गेली. आता तिथं आमचं असं घर उरलेलं नाही. सांगलीजवळ कुपवाडच्या ज्या माळावर आमची मेंढरं चरायची, तिथं कारखाने झालेत. मेंढरं माझ्या मुलांनी फक्त रस्त्यात मोटार अडवताना पाहिलीत. त्यांना घर म्हणजे पुणं, आणि ते बरोबरच आहे.

मी मात्र शिवेच्या अलीकडचा की पलीकडचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो पहिला सदरा त्याच पत्र्याच्या पेटीत आहे. कापड विरलंय, काव आहे. परवा नातीनं तो काढून विचारलं, "आजोबा, हा कुणाचा?"

माझ्या तोंडून नाव आलंच नाही. मी म्हणालो, "डाव्या खांद्यावर दोन पट्टे."