घोडीपुढचं निर्माल्य

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगला लागून एक मोकळा प्लॉट आहे. टॉवर उठणार म्हणून त्याला पत्रे लावले. पत्रे गंजले, टॉवर काही उठला नाही. तिथे एक वरातीची पांढरी घोडी बांधलेली असते. लग्नसराईत तिचा थाट बघावा. पाठीवर जरीची झूल, कपाळावर आरशांची पट्टी आणि वर बसलेला घामाघूम नवरदेव. चातुर्मास लागला की मात्र नवरदेव घरी आणि घोडी पत्र्याच्या सावलीत. कमाई बंद, पोट चालू. घोडीवाला माणूस चांगला, पण त्या दिवसांत चारा जरा हात राखूनच टाकतो. त्याचं सगळं घर त्या घोडीच्या पाठीवर चालतं, दुसरी घोडी काही नाही.

नेमका त्याच वेळी श्रावण येतो आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्याला भरती येते. सोमवारी घरोघरी पूजा, मंगळवारी घरोघरी एकच प्रश्न, निर्माल्याचं काय करायचं? कचऱ्यात टाकलं तर पाप. निर्माल्याचा कलश लांबच्या देवळापाशी, म्हणजे रिक्षा आली. मुक्या जिवाच्या मुखी घातलं तर पापही नाही, रिक्षाही नाही, वर थोडं पुण्य पदरात. पूर्वी गाय यायची, आता येत नाही. मग उरली घोडी.

मी हे सगळं लांबून बघायची. आमच्याकडे देव्हारा नाही. बुद्धांची मूर्ती आहे, पौर्णिमेला मेणबत्ती लावते, चार पांढरी फुलं वाहते, संपलं. दुसऱ्याच्या देवधर्मात आपण कशाला बोलायचं? पण एका मंगळवारी मी भाजी घेऊन येत होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन घोडीकडे निघाल्या होत्या. सहज पिशवीत डोकावले. बेलाची पानं, केळं, साखर लागलेलं खोबरं आणि मध्ये सुकलेली कण्हेर, फुलं, पानं, देठ सगळं.

ही कण्हेर आमच्याच कंपाउंडची. बकऱ्या शिरून झाडं फस्त करायच्या म्हणून कमिटीने मुद्दाम कुंपणाला लावली, कारण कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही. का लावत नाही, हे कमिटीत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. आमच्या गावाकडे पोरांनाही माहीत असायचं. ओली कण्हेर कडू, जनावर थुंकून टाकतं. सुकून गोडात मिसळली की कडूपणा झाकला जातो, विष मात्र तसंच राहतं. शेजाऱ्यांचा बैल असाच गेला होता, कडब्यात छाटलेली कण्हेर मिसळली म्हणून.

मी वहिनींचा हात धरला, म्हटलं हे विष आहे. त्या दुखावल्याच.

"मावशी, काहीही काय? देवाला चालतं ते घोडीला चालत नाही?"

"देव खात नाही, वहिनी. ही खाते."

त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मी मग घोडीवाल्याला सांगितलं. तो हसला, म्हणाला, आजी, प्रसादाने कुणी मरतं का? फुकटचा चारा होता, त्यालाही बरंच होतं ना. शेवटी सेक्रेटरींकडे गेले. मीटिंग झाली. कण्हेर काढा म्हटलं, तर बकऱ्यांचं काय, म्हणे. बकऱ्या विरुद्ध घोडी असा वाद जेवायच्या वेळेपर्यंत चालला आणि तोडगा निघाला तो म्हणजे एक पाटी. घोडीला निर्माल्य घालू नये. प्लॉटच्या पत्र्यालाच खिळा मारून टांगली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

आमचे लोक पाटीच्या शब्दाबाहेर नाहीत, हे मी अभिमानाने सांगते. पुढच्या सोमवारनंतर कुणीही घोडीला काही घातलं नाही. पाटीच्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या. तिथून कोण नेणार होतं, हे त्या महादेवालाच ठाऊक. खिळा मात्र बरोबर घोडीच्या तोंडाच्या उंचीवर होता.

त्याच मंगळवारी दुपारी घोडीवाला ओरडत आला. घोडी घामाने भिजली होती, पोटाकडे मान वळवून वळवून बघत होती, पाय थरथरत होते. खाली पाटीसमोर फाटक्या पिशव्या पडलेल्या. डॉक्टर आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले ठोका चुकतोय, हिला एक पाऊलही चालवू नका. मग काय खाल्लं विचारलं, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच वाढलं होतं. मी पिशवीतली उरलेली पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून नाकातल्या नळीने तिच्या पोटात सोडली, वर सलाइन लावलं. घोडीवाला तिच्या मानेला बिलगून उभा.

घोडी वाचली. आठवड्याने चारा खायला लागली. पण श्रेय मिळालं महादेवाला, कारण वहिनींनी त्या दुपारीच नवस बोलला होता. खरंच रडत होत्या बिचाऱ्या. नवस फेडला तोही थाटात, अभिषेक केला आणि पिंडीला हार घातला. हार कसला? कण्हेरीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात.

"मावशी, तिच्याच नवसाचं आहे. एवढं एक तरी तिच्या मुखी घालू द्या ना."

"तिला जगवायचंय ना तुम्हाला? मग ते मला द्या."

दिली. त्यांनी दिली म्हणून चौथ्या मजल्याने दिली, मग सगळ्यांनीच. आता सणावारानंतर बिल्डिंगचं निर्माल्य माझ्या दाराला टांगलेलं असतं. जिच्या घरात देव्हारा नाही, तिच्या बाल्कनीत एवढे देव उतरतात. मी ते ड्रममध्ये कुजवते. माळीबुवा खत नेतो आणि कुंपणाला घालतो. कण्हेर एवढी कधी फुलली नव्हती.

संध्याकाळी मी घोडीला गाजर घेऊन जाते. वहिनी दिसल्या की ती लांबूनच खिंकाळते. मला बघितलं की कान मागे टाकते. तिच्या लेखी तिच्या तोंडचा घास पळवणारी बाई मीच. गाजर घेते, पण माझ्याकडे न बघता.