कालचं उत्तर

"कुनी सांगितलं? आन् कवा सांगितलं?" कुठलीही बातमी आणा, मेजर आधी हे विचारायचे. चहा आलाय म्हटलं तरी स्वतः उठून बघून यायचे.

साताऱ्यात निवृत्त फौजी दिसला की आपण त्याला मेजरच म्हणतो. हे मूळचे माण तालुक्यातल्या दहिवडीचे, फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाला, होते आणि आता आमच्या दूध कारखान्यात सर्व्हर सांभाळायचे. मी त्यांचा साहेब. तरी ओळखपत्र पाहिल्याशिवाय मला सर्व्हरच्या खोलीत सोडत नसत. अशा माणसावर तुम्हीही मनातल्या मनात दात खाल्ले असतील.

आमचं इंटरनेट रडतखडत चालायचं. सांगलीच्या गोदामाच्या सर्व्हरचा नेटवरचा पत्ता विचारायला आमचा लिनक्स सर्व्हर दर वेळी बाहेर जायचा, आणि तोवर दुधाच्या गाड्यांच्या पावत्या अडायच्या. म्हणून मी इथंच डीएनएस कॅशे, म्हणजे पत्त्यांची वहीच, बसवला. एकदा मिळालेला पत्ता त्यानं आठवडाभर लक्षात ठेवायचा, बाहेर विचारायचं नाही.

"कालचं उत्तर आज खरं कशावरनं?" मेजर म्हणाले. मी हसून सोडून दिलं.

पण रोज सकाळच्या पहिल्या पावत्या पुन्हा अडू लागल्या. नोंदी तपासल्या. रोज सातला कॅशे रिकामा, आणि लॉगिन मेजरांचं. म्हातारा मला तोंडघशी पाडतोय, याची मला खात्रीच पटली. त्यांना काही न विचारता मी मॅनेजरांना लिहून दिलं: हे मुद्दाम बिघाड करतात. मेजरांचा करार त्याच महिन्यात संपत होता.

"व्हय, मीच पुसतो," मेजर मॅनेजरांना म्हणाले. "पहाऱ्यावर परवलीचा शब्द रोज बदलतो, साहेब. कालचा शब्द सांगनाऱ्याला आमी आत घेत न्हाई."

सगळे हसले, मीही हसलो. करार काही वाढला नाही. खोलीच्या किल्ल्या त्यांनी माझी सही घेऊनच दिल्या.

पुढच्या महिन्यात सांगलीच्या सर्व्हरचा पत्ता बदलला. आमचा सर्व्हर जुनाच सांगत बसला. भरलेल्या गाड्या अर्धा दिवस उन्हात उभ्या राहिल्या. कारण सापडल्यावर मी माझ्या हातानं कॅशे पुसला, गाड्या सुटल्या, आणि दहिवडीला मेजरांना फोन लावला. सगळं सांगितलं, त्या पत्रासकट.

"लिवलेलं ठाऊक हुतं," ते म्हणाले. "गाड्या गेल्या का?"

"गेल्या."

"मग झालं."

फोन ठेवण्याआधी तेच म्हणाले, "मलाच एकदा इचारायचं हुतं, साहेब. मी सांगितलं असतं."