लाँचमधलं घडीचं टेबल

"डुलतंय जरा," म्हणत ते खाली बसायचे. टेबल असो, स्टूल असो, देवळातला चौरंग असो. आधी वर तळहात ठेवून हलवून बघायचं आणि मग खिशातली लाकडाची पातळ पाचर काढून पायाखाली सारायची. मी आरोग्य उपकेंद्रात रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी आमचं तपासणीचं टेबल असं सरळ करून दिलं. "डुलत्या टेबलावर माणूस घाबरतंय, सिस्टरबाई," एवढंच म्हणाले.

असा सुतार तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. काम एक नंबर, पण लग्नासाठी सांगितलेला पाट बारशाला मिळायचा. गावाच्या दारांना कड्या बसवल्या, स्वतःच्या दाराला मात्र काकी सुतळी बांधायच्या. "सुताराची बायकू हाय मी, कडी कुठली मिळायला," असं त्या हसून सांगत. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणू लागले.

आमचं गाव कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे. मेढ्याला किंवा साताऱ्याला जायचं तर आधी लाँच, मग एसटी. काकींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा साताऱ्याला रक्त धुवायला जाणं आलं. येताना त्यांना बसवत नसे. एकदा परतीच्या वाटेवर त्या अरुंद फळीवरून घसरल्या आणि लाँचच्या तळाशी साचलेल्या डिझेलच्या पाण्यात पडल्या. तात्यांनी त्यांचा पदर पिळला.

दुसऱ्या दिवशी ते लाँचमालकाकडे गेले. काकींना आडवं होता येईल अशी फळी बसवू द्या म्हणाले. मालक हिशेबी माणूस.

"कॉट नगं, तात्या. घडीचं टेबल करा. पावणे येत्यात फिराया, त्यास्नी जेवाय हुईल. काकी आल्या की काकी झोपतील."

"व्हय. टेबल तर टेबल," तात्या म्हणाले.

आयुष्यात हे एकच काम त्यांनी वेळेत केलं. फणसाच्या हलक्या फळ्या, पितळी बिजागऱ्या, आत दुमडणारे पाय. नको तेव्हा टेबल लाँचच्या भिंतीला सपाट चिकटून राही. काकी कुशीवर वळल्या तर पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी बोटभर उंच कड ठोकली होती. लांबी काकींच्या उंचीची.

पहिल्यांदा काकी त्यावर निजल्या, तेव्हा मीही लाँचमध्ये होते. लाटेवर लाँच हेलकावत होती आणि हे गृहस्थ वाकून वाकून टेबलाचे पाय बघत होते.

"डुलतंय का गं?"

"पाणी डुलतंय. तुमचं टेबल न्हाई," काकी म्हणाल्या आणि डोळे मिटून शांत झोपल्या. तात्यांच्या चेहऱ्यावर तेवढं समाधान मी नंतर कधी पाहिलं नाही.

पण ते टेबल पाहुण्यांनाही आवडलं. कडेमुळे ताटं घसरायची नाहीत, मधोमध पाण्यात बसून मासळीचं जेवण व्हायचं. मालकाने टेबलाचे फोटो मोबाइलवरून सगळीकडे पाठवले. पुण्यामुंबईची माणसं आधीच विचारून ठेवायची, टेबलवाली लाँच आहे ना? आधी रविवार पाहुण्यांना गेले, मग शनिवारही गेले. तात्यांना त्याचा अभिमानही वाटायचा. "लय नाव झालं टेबलाचं," मला सांगायचे.

दिवाळीच्या सुट्टीत काकींच्या दवाखान्यातल्या नंबरच्या दिवशी आम्ही सकाळी काठावर उतरलो, तर लाँच जागेवर नव्हती. कुणा मोठ्या मंडळींनी टेबलासाठी दिवसभराकरता ठरवली होती. दुसरी लाँच दुरुस्तीला काढलेली, लांबच्या वळशाचा रस्ता पावसाळ्यात खचलेला. मी मालकाला फोनवर नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "सुट्टीचा धंदा हाय बाई, एक दिस उद्यावर गेला तर काय हुतंय?" काय होतं ते मला माहीत होतं. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

तात्या चिडले नाहीत. काकींशेजारी चिखलात उकिडवे बसून आपल्या हातांकडे बघत होते. "म्याच केलं," एवढंच पुटपुटले. मी दवाखान्याला फोन लावला.

दवाखान्याने दुसऱ्या दिवशीचा नंबर दिला. सकाळी लाँच आली तेव्हा काकींना धाप लागली होती. आम्ही त्यांना टेबलावर निजवलं, उशाला तात्यांनी आपलं मुंडासं दिलं. अर्ध्या पाण्यात पोचलो आणि माझ्या बोटांखालची नाडी थांबली. जे येत होतं ते सगळं मी करून पाहिलं. मग हात काढून घेतला.

चालकाने इंजिन बंद केलं. "तात्या, मागं फिरवू?"

तात्यांनी काकींच्या अंगावरची शाल सारखी केली.

"फुडं चल," ते म्हणाले. "आज नंबर हाय तिचा."

चालकाने माझ्याकडे पाहिलं. त्याने इंजिन सुरू केलं आणि लाँच पुढे नेली.